गोविंदाचे शेजारी

विरारमध्ये गोविंदाचा शेजारी नसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. रिक्षावाला घ्या, रेशन दुकानदार घ्या, नाहीतर बाजारात सुकेळी विकायला बसलेले आजोबा घ्या. त्यांच्या, त्यांच्या काकांच्या किंवा गेलाबाजार मेव्हण्याच्या भिंतीला भिंत लावून गोविंदाच्या घरच्यांचं, म्हणजे आहुजांचं, बिऱ्हाड होतंच. कुणाच्या आईने त्याला चहा पाजलेला असतो, कुणाच्या अंगणात तो नाचाची तालीम करायचा, कुणाचा थोरला भाऊ त्याच्याबरोबर एकाच दांडीला लटकून चर्चगेटपर्यंत जायचा. हे सगळे खरं बोलत असतील, तर आहुजांच्या खोलीला निदान चाळीस भिंती असल्या पाहिजेत.

आमचं बिऱ्हाड गिरगावातून विरारला आलं तेव्हा गोविंदा केव्हाच निघून गेला होता. तरी कोकणातल्या पाहुण्यांना मी 'थोडक्यात चुकामूक झाली' असं सांगतो. विरारला राहायचं आणि गोविंदाशी काहीच संबंध नाही म्हणायचं, हे माणूसघाणेपणाचं लक्षण समजतात.

मला एका गोष्टीचं मात्र कुतूहल आहे. गोविंदाच्या आई निर्मलादेवी या ठुमरी गाणाऱ्या नामवंत गायिका. वडील अरुणकुमार आहुजा हे मेहबूब खान यांच्या 1940 सालच्या 'औरत'मधले नट. म्हणजे त्या घरात दोन नावाजलेली माणसं होती आणि त्यांची पोरं. शेजाऱ्यांना आज आठवतं ते फक्त एक पोरगं. भिंतीपलीकडून निर्मलादेवींचा रियाज कानावर यायचा, असं सांगणारा एकही शेजारी मला भेटलेला नाही. याचा अर्थ उघड आहे. शेजारधर्माची ही सगळी आठवण 1986 मध्ये गोविंदाचा 'इल्जाम' सिनेमा लागल्यावर झाली.

2004 मध्ये त्याच शेजारधर्माला मतदानाचा हक्क मिळाला. तेव्हा वसई-विरार उत्तर मुंबई लोकसभा मतदारसंघात होतं. गोविंदासमोर उभे होते राम नाईक: 1989 पासून सलग पाच वेळा निवडून आलेले, केंद्रात पेट्रोलियम मंत्री, आधी रेल्वे राज्यमंत्री आणि लोकलचे प्रश्न तोंडपाठ असलेले. पण शेजारी तो शेजारी. नाईक पडले. पुढची पाच वर्षं आमचा खासदार संसदेतही फारसा दिसला नाही आणि विरारमध्येही. आमच्या डब्यात आगाशीचे एक काका आहेत. त्यांनी या सगळ्या कारकिर्दीचा अहवाल एका वाक्यात दिला. "अरे, शेजारी होता तेच बरं होतं."

डब्याचा उल्लेख आला ते बरं झालं, कारण प्रसिद्धीबद्दल मला जे काही कळतं ते सगळं विरार लोकलमध्ये कळलेलं आहे. 12 एप्रिल 1867 ला विरारहून मुंबईकडे पहिली गाडी सुटली. तेव्हापासून या भागात मोठं होण्याची एकच खूण आहे. माणूस गाडीने जायला लागतो, मग गाडीने यायचा बंद होतो. तो यायचा बंद झाला की आम्ही म्हणतो, "मोठा झाला हो!" प्रसिद्धी अशी स्टेशनागणिक मोजता येते. वसई रोडला राहणारा मनुष्य म्हणजे होतकरू. बोरिवलीला गेला म्हणजे बरं चाललंय. अंधेरीला फ्लॅट घेतला म्हणजे ओळख दाखवील की नाही याची शंका. आणि वांद्र्याला पोचला की तो आमच्या शेजारी राहत होता.

पृथ्वी शॉचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर 2013 मध्ये, चौदा वर्षांच्या या विरारच्या पोराने आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून 330 चेंडूंत 546 धावा काढल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्या आकड्याचं कौतुक होतं. आमच्या डब्यात आकड्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. चर्चा एकाच मुद्द्यावर: सकाळच्या गाडीत हे पोरगं किट बॅग घेऊन चढत कसं असेल? सीटसाठी नालासोपाऱ्याहून रिटर्न मारून येणारे, विरारहूनच चढणारे, दारातले, मधल्या पॅसेजमधले, सगळ्या पक्षांचे लोक यावर तावातावाने बोलले. एकाचं म्हणणं, बॅग आधी फेकायची आणि मग आपण चढायचं. दुसऱ्याचं म्हणणं, तशी फेकली तर बॅग पोचेल वांद्र्याला आणि पोरगा राहील विरारला. शेवटी सर्वानुमते ठरलं की खरा पराक्रम तो, 546 धावा नंतरच्या.

विरारकर गर्दीचं कौतुक सांगतो तेव्हा तो आपलंच कौतुक सांगत असतो, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. पृथ्वीने केलं ते आपणही रोज करतोच, फक्त आपली बॅट राहून गेली, एवढाच काय तो फरक.

त्यानंतर 2018 साल आलं. ते या लाइनीच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहायला हवं, पण इंडिकेटरवर फक्त लाल अक्षरं येतात. ऑक्टोबरमध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध राजकोटला पृथ्वी शॉने पदार्पणात शतक ठोकलं. आठवड्याभरात हैदराबादच्या कसोटीत शार्दूल ठाकूरला संधी मिळाली. हा त्याहून पलीकडचा, पालघर तालुक्यातला. म्हणजे त्या सामन्यात अकरा जणांच्या भारतीय संघात दोघे विरार-डहाणू पट्ट्यातले होते. पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला. चार वर्षं वयाच्या जिल्ह्याने असा पराक्रम कुठे केला असेल तर मला कळवा. पुढे शार्दूल दहा चेंडू टाकून दुखापतीने बाहेर गेला. डब्यातून लगेच निदान आलं: "लहानपणापासून एवढं उभं राहून प्रवास केल्यावर कंबर, मांडी काही शिल्लक राहतं का?"

पण शार्दूलची मला आवडलेली गोष्ट त्याच वर्षी थोडी आधी घडली. दक्षिण आफ्रिकेचा दौरा आटोपून तो मुंबईत उतरला आणि अंधेरीला येऊन पालघरची गाडी पकडून घरी निघाला. त्यानेच हे नंतर सांगितलं. कानाला हेडफोन लावून तो बसला होता. डब्यातले लोक टक लावून बघत होते, पण बोलायला कुणी तयार नाही. काही कॉलेजच्या पोरांनी मोबाईल काढला, गूगलवर त्याचा फोटो शोधला, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला, आणि खात्री पटल्यावर सेल्फी मागितली.

या प्रसंगावर लोक 'किती साधा माणूस' असं म्हणून मोकळे होतात. मला कौतुक वाटतं त्या पोरांचं. त्यांचं काय चुकलं? भारताकडून खेळणारा माणूस आपल्या डब्यात असूच कसा शकतो? तो प्रसिद्ध असेल तर इथे नसेल, आणि इथे असेल तर प्रसिद्ध नसेल. समोर हाडामांसाचा शार्दूल बसलेला असताना त्यांनी गूगलला विचारलं, ते या भागाच्या अनुभवाला धरूनच झालं. पुढे जानेवारी 2021 मध्ये ब्रिस्बेनला त्याने 67 धावा काढून भारताचा डाव सावरला, तेव्हा आमच्या डब्यात निदान सहा जण असे निघाले, की ज्यांनी त्याला त्या गाडीत बघताक्षणी ओळखलं होतं.

माणसंच कशाला, वसईतल्या वस्तूंचंही तेच. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली आणि पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून महाराष्ट्रभर गेल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक मेणवलीला नाना फडणीसांच्या घाटावर, एक भीमाशंकरला. नाशिकमध्ये माणसाचा आवाज फार मोठा असला की त्याला नारोशंकराची घंटा म्हणतात. वसईची म्हणत नाहीत. इथे राहिली असती तर पापडीच्या रस्त्यावर 'हॉर्न नका वाजवू' म्हणत कुणी तिच्याकडे पाहिलंही नसतं.

आणि गोन्सालो गार्सिया? वसईत सुमारे 1557 मध्ये जन्मलेला हा मुलगा जपानला गेला, व्यापारात उतरला, मनिलाला फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला, पुन्हा जपानला गेला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाला. 1862 मध्ये पोपनी त्याला संतपद दिलं. भारतात जन्मलेला पहिला संत वसईचा. त्या धर्मवीराची थट्टा करायची माझी प्राज्ञा नाही. एवढंच म्हणतो, की वसईच्या माणसाला जगाने ओळखायला 265 वर्षं लागली आणि त्यालाही आधी वसई सोडावी लागली.

उलट दिशेची वाहतूकही आहे, नाही असं नाही. बाहेरची प्रसिद्ध माणसं वसईत येतात, पण ती आमच्यासाठी येत नाहीत, पडक्या भिंतींसाठी येतात. किल्ल्यात शाहरुख खानच्या 'जोश'चं चित्रीकरण झालं. 2016 मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या गाण्याचा व्हिडिओ आला, त्यातही किल्ला आहे. आमच्या शेजारच्या कॉलेजकुमाराने तो मला मोबाईलवर दाखवला. "काका, हे बघा, क्रिस मार्टिन आपल्या वसईत!" मी चष्मा लावून पाहिलं. कमान ओळखीची वाटली. तिच्याच खाली बसून आम्ही दरवर्षी सहलीचा डबा खातो. जगभरात कोट्यवधी लोकांनी ती कमान बघितली आणि त्यातल्या एकालाही ती वसईत आहे हे माहीत नसेल. याला मी कमानीचं दुर्दैव म्हणत नाही. प्रसिद्ध होऊनही हिला आपलं गाव सोडावं लागलं नाही.

नायगाव-कामण बाजूला आता मालिकांचे सेट उभे राहिले आहेत. त्यामुळे चकचकीत गाड्या काळ्या काचा वर करून येतात आणि तशाच जातात. पण त्या मालिका चालवणारी माणसं मात्र आमच्यातली आहेत. लाइटमन, स्पॉटबॉय, मेकअपवाले, गर्दीत उभे राहणारे, हे नालासोपारा, विरार, नायगाव इथेच राहतात. मुंबईतला तारा जुहूला उगवत असेल, पण त्याच्या मागची वरात नालासोपाऱ्याहून येते.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर असा एक ज्युनिअर आर्टिस्ट राहतो. त्याने आजवर कितीतरी सिनेमा-मालिकांत काम केलंय: वरातीत नाचणारा, कोर्टात मागच्या बाकावर बसलेला, दवाखान्यात स्ट्रेचर ढकलणारा, आणि हवालदार. हवालदार पुष्कळ वेळा. उंची आहे. इमारतीच्या वॉचमनने त्याला एकदा वर्दीत पाहिलं, तेव्हापासून तो त्याला सलाम करतो. खजिनदारांना करत नाही.

एकदा त्याचा सिनेमा टीव्हीवर लागणार होता, म्हणून आम्ही सगळे त्याच्या घरी जमलो. त्याच्या आईने पोहे केले होते. तो हातात रिमोट घेऊन उभा.

"आता येतो हं मी. हिरो जिना उतरला की... नाही, अजून नाही... आता बघा, डावीकडून... तो काय!"

"कुठे?"

"गेला."

मागे नेऊन परत लावलं. हिरोच्या खांद्यापलीकडे एक पाठ होती. खाकी, रुंद, अगदी सरळ. त्याच्या आईने हात जोडले. "पाठ ह्याच्या वडिलांवर गेलीय," त्या म्हणाल्या. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "चेहरा दाखवायचे वेगळे पैसे मिळतात का रे?" त्याने शांतपणे सांगितलं, की एकदा त्याला संवादही मिळाला होता. "साहब, गाडी आ गई." दिवसभर पाठ केला. तीन वेळा घेतला. दिग्दर्शक 'छान' म्हणाले. पिक्चर आलं तेव्हा साहेब आपणहूनच गाडीत जाऊन बसले होते.

प्रसिद्ध माणसांबद्दल माझी जी काही मतं आहेत, ती या गृहस्थाकडून उसनी घेतलेली आहेत. वर्तमानपत्रं नट-नट्यांचे घटस्फोट आणि बंगले मोजतात. हा एकच गोष्ट मोजतो: दुपारचं जेवण. "अमका फार मोठा माणूस. एक वाजला की स्वतः म्हणतो, पहिले युनिटला जेवू द्या." "तमका? नाव आहे, पण चार वाजेपर्यंत सुट्टी नाही. वरातीतल्या घोड्याला चारा मिळाला, आम्हाला नाही." ज्याला आपण पडद्यावर दुष्ट म्हणून बघत आलो, तो याच्या हिशेबात देवमाणूस निघतो. आणि देवाच्या भूमिका करणाऱ्या एकाबद्दल विचारलं तर हा नुसता पोह्यांवर लिंबू पिळतो.

त्याला गाडीत कोणी ओळखत नाही. ओळखायचं म्हटलं तर लोकांना त्याच्या मागे उभं राहावं लागेल. तसे ते रोज उभे असतातच, पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष चौथ्या सीटवर असतं. शेवटच्या लोकलने तो मध्यरात्र उलटल्यावर घरी येतो. सोसायटीने त्याला मेंटेनन्समध्ये एक रुपयाची सूट दिलेली नाही.

याच मातीतलं एक मोठं नाव मात्र इथेच राहिलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालचे. 'सुवार्ता'चे संपादक, 'सुबोध बायबल'चे लेखक, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरलेले. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. जुलै 2024 मध्ये गेले. त्यांनी पुस्तकं इथे लिहिली, भांडणं इथे केली, पाण्यासाठी आणि झाडांसाठी धमक्या इथेच पचवल्या. आणि आश्चर्य म्हणजे, 'आम्ही दिब्रिटोंचे शेजारी' असं छातीठोकपणे सांगणारा माणूस शोधून सापडत नाही. खऱ्या शेजाऱ्यांना ते सांगण्यात काही मजा वाटत नसावी.

मग इथेच राहून प्रसिद्ध व्हायची हौस असलेल्याने करायचं काय? त्यासाठी फ्लेक्स आहे. विरार स्टेशनबाहेर उभं राहून वर बघा. आकाश दिसणार नाही. भावी नगरसेवक दिसतील. पांढरा शर्ट, काळा गॉगल, मोबाईल कानाला. वाढदिवसाच्या फोटोतही माणूस फोनवरच का बोलत असतो, याचा उलगडा मला झालेला नाही. बहुधा शुभेच्छा स्वीकारत असावा. खाली शुभेच्छुकांची रांग, एकेकाचा चेहरा टपाल तिकिटाएवढा. त्या रांगेत शेवटून दुसरे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. फ्लेक्स बांधताना सुतळी नेमकी त्यांच्या नाकावरून गेली, तरी ते पूर्ण आठवडाभर स्टेशनला त्याच बाजूने जात होते. जूनमध्ये पाऊस लागला की हे फलक उतरतात आणि मासळीवाल्यांच्या टपरीवर छप्पर म्हणून चढतात. भावी नगरसेवकांच्या हातून झालेलं ते सर्वांत भरीव काम असतं.

या फलकबाजीला नावं ठेवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं, की ही परंपरा या भागात फार जुनी आहे. पहिला जाहीर फलक इथे सम्राट अशोकाने लावला. सोपारा तेव्हा मोठं बंदर होतं, येणारी-जाणारी गर्दी मोठी. त्याने दगडावर आपल्या आज्ञांचा मजकूर कोरून घेतला. फोटो नाही, गॉगल नाही, शुभेच्छुक तर नाहीतच. पंडित भगवानलाल इंद्रजींना 1882 मध्ये त्यातल्या आठव्या आज्ञेचा तुकडा मिळाला. 1956 मध्ये भुईगावला नवव्या आज्ञेचा तुकडा सापडला. आठव्यात राजाने सहली-शिकारी सोडून धर्मयात्रा कशी सुरू केली ते आहे. नवव्यात वायफळ समारंभांवर टीका आहे. आता हे दोन्ही दगड कुठे आहेत म्हणाल, तर मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात. नाव झाल्यावर तेही चर्चगेटकडे गेले.

अशोकाची दहावी आज्ञा गिरनारला आहे, इतर ठिकाणीही आहे. त्यात सम्राट म्हणतो की यश आणि कीर्तीला तो फारसं महत्त्व देत नाही, लोक धर्माने वागले तरच त्या कीर्तीला अर्थ. ही दहावी आज्ञा सोपाऱ्यात अजून सापडलेली नाही. इथे रोज कुठे ना कुठे टॉवरचा पाया खणला जातो. तेव्हा समस्त बिल्डर, कंत्राटदार आणि जेसीबीवाल्या बंधूंना विनंती आहे, की कुठे अक्षरं असलेला दगड लागलाच तर तो मुंबईला पाठवण्याआधी आठ दिवस विरार स्टेशनबाहेर ठेवा. जागा मिळणार नाही हे ठाऊक आहे. एखाद्या भावी नगरसेवकाला थोडं सरकायला सांगा.